ओटीतले बदाम

सांगली स्टेशनात गाडी उभी होती आणि माझा पाय काही पायरीवर पडत नव्हता. नवरा आत जाऊन बसला होता, सासूबाई खिडकीतून हाका मारत होत्या, वऱ्हाडातल्या बायका ट्रंका आत ढकलत होत्या. मी आपली डब्याच्या दांड्याला धरून उभी. आबा म्हणाले, "चल बाय, गाडी काय आपल्या घरची न्हाई." तरी मी हलेना. तेव्हा आई पुढं आली. माझ्या कमरेला ओटीची गाठ होती. तांदूळ, नारळ, खारीक, हळकुंड, सुपारी आणि पाच बदाम, रीतीप्रमाणं सगळं. तिनं ती गाठ पदरावरूनच चाचपली आणि माझ्या कानात म्हणाली, "यातलं बदाम पैलवानाच्या डब्यातलं हायती. कुणाला सांगू नगंस. जपून ठिव. दिस गेलं की खा, पोर ताकदीचं व्हतंय."

मी डोळे पुसले आणि गाडीत चढले.

तुमच्यापैकी ज्या पोरी अशाच एखाद्या फलाटावरून किंवा एसटी स्टँडवरून निघाल्या, त्यांना आईनं कानात काही ना काही सांगितलेलं असणार. कुणाला सांगितलं असेल, दिवाळीला न्यायला येतो. कुणाला, चार दिवस काढ, मग सवय होते. त्यातलं किती खरं निघालं ते ज्याचं त्याला माहीत. माझ्यापुरतं मी सांगते. आणि जे गावातच राहिलात त्यांनीही वाचावं, कारण जाणाऱ्याला काय बांधून दिलं ते देणाऱ्याला कायम आठवतंच असं नाही.

पैलवान म्हणजे माझा धाकटा भाऊ बाळू. आमचं गाव कृष्णेच्या काठावर, सांगलीपासून सायकलच्या टप्प्यात. गावात तालीम होती आणि बाळूचे खांदे तो बारा-तेरा वर्षांचा असल्यापासूनच असे भरले की आबांनी त्याला तिथं घातला. तेव्हापासून घरात त्याला कुणी नावानं हाक मारली नाही. आईसुद्धा म्हणायची, "पैलवान आला का? पैलवान जेवला का?" त्याचा खुराक वेगळा. म्हशीचं दूध त्याला, लोणी त्याला, आणि सांगलीच्या पेठेतून आबा स्वतः निवडून आणायचे ते बदाम त्याला. बदामही टरफलासकट आणायचे. "सोललेल्यात जर्दाळूच्या बिया मिसळत्यात," असं आबांचं म्हणणं. त्यांचा व्यापाऱ्यावर काडीचा विश्वास नव्हता. ते बदाम बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात असत आणि तो डबा स्वयंपाकघरात सगळ्यात वरच्या फळीवर. आईशिवाय कुणी तो खाली काढायचा नाही.

संध्याकाळी आई मोजके बदाम काढून द्यायची. मी ते दगडानं फोडून भिजत घालायची आणि सकाळी सालं काढून पाट्यावर वाटायची. वाटून वाटून लोणी व्हायला पाहिजे, खरखर लागली तर पैलवान तोंड वाकडं करायचा. वाटण दुधात कालवलं की आई म्हणायची, "पाटा दुधानं धू. बोटं बी धू, चाटू नगंस." ते धुतलेलं दूधही पेल्यातच जायचं. लग्नापर्यंत मी हे काम केलं आणि लग्नापर्यंत बदाम कसा लागतो ते मला माहीत नव्हतं. वास मात्र नाकात पक्का बसला होता. मला त्याचं तेव्हा काही वाटायचं नाही हेही सांगितलं पाहिजे. नदीला पाणी असतं तसं हे होतं. आबांचं एक वाक्य होतं, पाव्हण्यारावळ्यांसमोर मोठ्या कौतुकानं म्हणायचे, "बदाम पैलवानाला, शेंगा दुनियेला."

आणि शेंगांना तोटा नव्हता. आमच्या काळ्या-तांबड्या मिसळीच्या रानात भुईमूग असा यायचा की दसऱ्यानंतर घरात बसायला जागा राहायची नाही. आमटीत कूट, भाजीत कूट, भाकरीबरोबर चटणी, त्याच चटणीवर घाण्याचं तेल. रानात वेल उपटताना जाळ करून भाजलेल्या शेंगा, घरी मीठ घालून उकडलेल्या शेंगा, पाव्हणा आला की सुपात शेंगा आणि गुळाचा खडा. ओचा भरून शेंगा खाल्ल्या तरी कुणी "जेवलीस का?" विचारलं तर आम्ही "न्हाई" म्हणायचो. शेंगा खाणं हे आमच्यात खाणं नव्हतंच, रिकाम्या हाताला काम होतं. त्या शेंगांनीच आम्हा पोरींच्या पोटऱ्या दगडासारख्या केल्या होत्या, डोईवर भारा घेऊन आम्ही चढ पळत चढायचो, पण त्याचं श्रेय शेंगांना देण्याइतकी अक्कल कुणाला होती?

शेंगा वाळल्या की निवडायचं काम बायकांचं. मी लहान असताना आईनंच मला शिकवलं. शेंग कानाशी न्यायची आणि हलवायची. आत दाणा असला की खुळखुळते, पोचट असली की गप्प बसते. "वाजती ती ठिव, मुकी ती टाक," आई म्हणायची. पुढं पुढं इतकी सवय झाली की हातात शेंग आली की हात आपोआप कानाकडं जायचा. आख्ख्या आळीत माझ्याइतकी भरभर निवडणारी कुणी नव्हती.

आणि ओटीतले बदाम मात्र मी हलवून बघितले नाहीत. आईनं दिले होते, म्हणून.

लोणंदला आमचं रेल्वे क्वार्टर रुळांना लागूनच होतं. दोन खोल्या, मागं मोरी, पुढं कोळशाच्या कपच्यांची वाट. आमचे हे पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. मोठ्या रुळांची लाइन नवी नवी झाली होती, त्यामुळं त्यांना ड्यूटीचा भारी अभिमान. घरात बोलणं सगळं शिफ्ट, सिग्नल, आउटर, लेट, राइट टाइम. बाजारात कांद्याचे ढीग, वाऱ्याला कांद्याचा वास, आणि मालगाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची. सुरुवातीला मला वाटायचं, ही माणसं झोपतात तरी कशी? पुढं गाडी लेट असली की मलाच जाग यायला लागली.

त्यात दुष्काळ पडला. रेशनवर लाल मिलो यायचा, परदेशातून आलेली ज्वारी. त्याची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना चिवट लागायची. आमटी म्हणजे मिरची-मिठाचं पाणी. सकाळी चहा, दुपारी चहा, भूक लागली की चहा. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या स्वभावानं वाईट नव्हत्या, पण त्यांच्या डोक्यात एकदा जे बसलं ते बसलं. पहिल्याच महिन्यात मी बाजारातून शेंगा आणायला सांगितलं तर म्हणाल्या, "आमच्यात न्हाई चालत. शेंगानं पित्त हुतंय, खोकला हुतोय. आन् दारात बसून शेंगा फोडायला हितं काय रान हाय का?" शेजारच्या क्वार्टरमधल्या गार्डबाई हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी शेंगांचं नाव काढलं नाही. मी आता रेल्वेवाल्यांच्या घरची होते, आणि शेंगा खेडवळ बाया खातात हे माझं मलाच पटायला लागलं होतं.

माझ्याकडं तर बदाम होते. खणात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेले. कधी फार आठवण आली, अंगात कणकण असली, की ट्रंक उघडून खणावरून हात फिरवायची. आईनं पैलवानाच्या तोंडचे काढून दिलेत हा विचारच मोठा होता. ज्या डब्याला माझं बोट लागू द्यायची नाही, त्यातले पाच तिनं माझ्या ओटीत घातले. म्हणजे मीही तिची होते. ते बदाम मी खात नव्हते, पण त्यांच्यावरच दिवस काढत होते.

मग दिवस राहिले. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मला पाण्याची घागर उचलेना. नळावरून येताना डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. एकदा वाटेतच बसले, तेव्हा यांनी हट्टानं दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी माझ्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, जीभ बघितली, नखं बघितली.

"रक्तच नाही अंगात," त्या म्हणाल्या. "अशानं पोटातलं मूल वाढायचं कसं? टिकायचं कसं? काय खातेस?"

मी म्हटलं, "मिलोची भाकरी. आमटी."

"डाळ? पालेभाजी? शेंगदाणे, गूळ?"

शेंगदाणे म्हटल्यावर मला हसूच आलं. एवढी शिकलेली बाई आणि औषध काय सांगते, तर शेंगदाणे! आमच्या गावात ते गडी-माणसांच्या खिशात असतात. मी ऐटीत म्हटलं, "बाई, माझ्याकडं बदाम हायती."

"मग खा की," त्या म्हणाल्या. "पण रोज खाशील तर उपयोग. दोन-चार बदामांनी रक्त भरत नसतं. मूठभर शेंगदाणे रोज खा, गुळाबरोबर. मेथी, शेपू जे मिळेल ते खा. या गोळ्या घे. आणि जेवणावर चहा पिऊ नकोस."

माझ्या कानात त्यातलं "मग खा की" एवढंच शिरलं. मूल टिकायचं कसं, हे वाक्य छातीत धडधडत होतं आणि त्यावर उतारा माझ्या ट्रंकेत होता. आईनं सांगितलेली वेळ आली होती. आत्याबाई रेशनच्या रांगेला गेल्या होत्या. मी मागच्या दारात बसले, खण उलगडला आणि वरवंट्यानं पहिला बदाम फोडला.

आत काळा भुगा. मला वाटलं, एखादा निघतोच असा. दुसरा फोडला. त्यात वाळून सुतळी झालेलं काहीतरी, बोट लावलं तर चुरा झाला. तिसऱ्याला अळीनं टोकरलेलं बारीक भोक होतं, ते मी इतके दिवस बघितलंच नव्हतं. चौथा रिकामा. पाचवा हातात धरून मी थांबले आणि मग, व्हायला नको होतं ते झालं, हात कानाकडं गेला. हलवला. मुका.

ते पूजेचे बदाम होते. वाण्याकडं पुडीत मिळतात ते. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम एकत्र बांधलेले. देवापुढं ठेवायचे, कुणाच्या तरी ओटीत घालायचे, तिनं दुसरीच्या ओटीत घालायचे. असे वर्षानुवर्षं पदरापदरातून फिरत राहतात, खात कुणी नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आमच्याच घरात ओटीचे असे बदाम देव्हाऱ्याखालच्या वाटीत पडलेले असत. पण आई म्हणाली होती ना, पैलवानाच्या डब्यातले. ती म्हणाली होती म्हणून माझ्या डोळ्यांना भोक दिसलं नाही आणि माझा हात कानाकडं गेला नाही.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि रागाहून जास्त लाज वाटली, शेंगकऱ्याच्या घरची पोरगी पोचट मालाला फसली याची. टरफलं चुलीत घातली. यांना काही सांगितलं नाही. सांगणार काय, आईनं फसवलं म्हणून? नवऱ्यापुढं माहेराची उणी बाजू कुठली बाई काढते?

फक्त एवढं म्हटलं, की नर्सबाईंनी शेंगदाणे खायला सांगितलेत. हे फारसे बोलके नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवरून येताना यांच्या खाकी शर्टाच्या खिशात भाजलेल्या दाण्यांची पुडी असायची. आत्याबाई विचारायच्या, तर म्हणायचे, "आउटरला उभं राहून भूक लागती, आपलं तोंडात टाकायला." खुंटीला शर्ट अडकवताना अर्धी पुडी तशीच राहू द्यायचे. मी नळावर जाता-येता ते दाणे खायची, गुळाचा खडा गालात धरून. गोळ्या घेतल्या, शेपूची भाजी खाल्ली, जेवणावरचा चहा सोडला. दोन महिन्यांनी नर्सबाईंनी पुन्हा पापणी ओढली आणि म्हणाल्या, "आता जरा लाली दिसते." बदाम खाल्ले का हे त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. मी गेले तेव्हा शेंगांची काढणी चालली होती. त्या वर्षी पीक बेताचंच होतं, तरी खळ्यावर वेलांचा ढीग होता आणि आई शेंगा तोडत बसली होती. मी शेजारी बसले. मीही शेंगा तोडायला लागले. मग मी म्हटलं, "आई, बदाम पोचट निघालं."

"कंचं बदाम?"

"वटीतलं."

तिचा हात थांबला. मला वाटलं, आता खाली बघेल, काहीतरी म्हणेल. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मीच काही पाप केलंय. "फोडलंस? वटीतलं बदाम कुणी फोडून खातं व्हय? त्ये पूजेचं असत्यात. ठिवायचं असत्यात."

"तू म्हणली व्हतीस, पैलवानाच्या डब्यातलं हायती."

"म्हणलं आसंल," ती म्हणाली आणि पुन्हा वेल ओढून घेतला. "तुझा पाय निघंना. गाडी सुटायला आलती. तवा काय बी म्हणलं आसतं."

काय बी म्हणलं आसतं. बैल गाडीला जुंपताना पुढं पेंडीचा तुकडा धरतात, तो पेंडीचा तरी असतो. इतके महिने ज्या शब्दांवर मी जगले ते तिला धड आठवतही नव्हते. पोचट बदामांचं मला एक वेळ चाललं असतं. गरिबाची ओटी म्हणून मी ते डोक्याला लावले असते. पण तिनं त्यात डब्याचं नाव घातलं होतं, माझ्या पोटातल्या पोराचं नाव घातलं होतं, आणि ते फक्त मी गाडीत चढावं म्हणून.

बाळंतिणीची खाट स्वयंपाकघराला लागून होती. मला मुलगी झाली. लहानशी, पण रडायला खणखणीत. आबांनी पाळण्यात डोकावून बघितलं आणि "बरं झालं, सुटली" एवढं म्हणाले. आईनं माझं काही कमी केलं असं मी म्हणणार नाही. रोज अंगाला घाण्याचं तेल चोळायची, शेक द्यायची, हळिवाची खीर, मेथी, शेंगदाण्याचं कूट घालून भरपूर आमटी. लाडू केले तेव्हा मी खाटेवरून बघत होते. डिंक घातला, खारीक घातली, खोबरं घातलं, आणि बदामाच्या जागी दाण्याचं कूट.

मी म्हटलं, "दोन बदाम घाल की. डबा हाय न्हवं वर."

आई परातीतून हात न काढता म्हणाली, "जत्रंला पैलवानाची कुस्ती हाय."

रोज सकाळी पाट्यावर बदाम वाटल्याचा आवाज यायचा. आता आईच वाटायची. तो वास मला अंथरुणात ओळखीचा यायचा आणि पोरीला पाजताना माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा बाळू पेला घेऊन खाटेशी आला, भाचीला बघायला. मी विचारलं, "कसं लागतंय रं ते?" तो म्हणाला, "दुधागत," आणि उभ्या उभ्या पिऊन टाकलं. त्याच्या मनात काही नव्हतं. पेला पुढं करावा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. जत्रेत त्याची कुस्ती बरोबरीत सुटली. एवढे बदाम जिरवून बरोबरीत!

परत निघाले तेव्हा रीतीप्रमाणं पुन्हा ओटी भरली. स्टेशनवर आई आली, आबा आले, आणि आबांनी शेंगांचं अर्धं पोतं डब्यात चढवलं. या खेपेला माझा पाय अडखळला नाही. मी जाऊन खिडकीशी बसले, पोरीला मांडीवर घेतलं. आई खिडकीपाशी उभी होती. गाडी सुटायला अवकाश होता. मी ओटीची गाठ सोडली, तांदळातून एक बदाम काढला आणि तिच्या डोळ्यांदेखत कानाशी नेऊन हलवला.

मुका.

दुसरा हलवला. तोही मुकाच. आईनं ते बघितलं. मी काय ऐकतेय ते तिच्याइतकं जगात कुणाला कळलं असतं? तिनंच शिकवलं होतं. ती काही तरी बोलेल म्हणून मी बघत राहिले. खोटं बोलली असती तरी चाललं असतं. ती आबांकडं वळून म्हणाली, "शेंगाचं पोतं नीट ठिवलंय न्हवं?" आणि मग मला, "रोज खात जा गं मूठभर. दूध येतंय." गाडी हलली.

कऱ्हाड यायच्या आत मी ते बदाम खिडकीतून फेकून दिले. ओटीतलं फेकू नये म्हणतात. मी फेकलं आणि माझं काही वाकडं झालं नाही.

शेंगांचं पोतं मात्र मी लोणंदला उतरवून घेतलं आणि आत्याबाईंच्या नाकावर टिच्चून दारात बसून शेंगा फोडल्या. त्या पोत्यातली एकही शेंग मुकी नव्हती. आईनं स्वतः निवडलं असणार. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. भरलेलं काय आणि पोकळ काय, हे तिला नेमकं ठाऊक होतं. पोरीला शेंगा भरून द्यायच्या आणि बदाम पोकळ द्यायचे, इतका तिचा हिशेब सरळ होता. त्या शेंगांवर माझ्या अंगात ताकद आली, पोरीला दूध पुरलं, पुढं तिच्या वरणभातातही मी चिमूटभर कूट घालायची. आईनं मला उपाशी ठेवलं असं मी कधीच म्हणणार नाही. तिनं मला वाढवलं ते शेंगांवर, आणि निरोप दिला तो पोचट बदामांवर. या दोन गोष्टींची मला आजतागायत एकमेकींशी वजाबाकी करता आलेली नाही.

पुढं यांची बदली साताऱ्याला झाली आणि आम्ही इथंच राहिलो. आई गेली तेव्हा दिवसकार्य उरकल्यावर वहिनीनं, बाळूच्या बायकोनं, फळीवरून तो बिस्किटाचा डबा काढला. पत्रा गंजला होता, आत सुईदोरा आणि बटणं होती. "हा न्या वन्सं, आईंची आठवण," ती म्हणाली. मी नको म्हटलं. वहिनीला वाटलं, मी रडतेय म्हणून.

बाळू मध्यंतरी येऊन गेला. गुडघे गेलेत, साखर आहे, डॉक्टरांनी लोणी-तूप बंद केलंय. मी त्याच्यापुढं भाजलेल्या शेंगा ठेवल्या आणि बोलता बोलता बदामांचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. त्यानं हातातली शेंग परत ताटलीत ठेवली. मग म्हणाला, "आक्का, मला कुणी सांगितलंच न्हाई गं." खरंच आहे. ज्याच्या पेल्यात पडतं त्याला कुणी सांगत नसतं. मला त्याचा राग येत नाही. पण "मला दिसलं न्हाई" असं म्हणाला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

आता बदाम कुणाला नवे राहिले नाहीत. माझी नात रोज सकाळी भिजवलेले बदाम खाते, अक्रोड खाते, मोबाइलवर वाचून मला सांगते की सुपरफूड आहे. मलाही देते. चव चांगली आहे, वाईट कशाला म्हणू? पण खाताना मला अजून वाटतं की कुणीतरी मागून म्हणेल, बोटं धू. माझे डॉक्टर मला सांगतात, या वयात रक्त उत्तम, हाडं उत्तम, काय खाता? मी सांगते, भाकरी, पालेभाजी, डाळ आणि मूठभर शेंगदाणे. तळलेले, खारवलेले नाहीत, साधे भाजलेले. कडवट लागला किंवा बुरशीचा वास आला तर थुंकून टाकायचा, भीड ठेवायची नाही. ते हसतात. नर्सबाईंनी हेच सांगितलं होतं, मी तेव्हा त्यांना हसले होते.

माहेराला आता मी कमी जाते. रान उसाखाली गेलंय, खळ्याच्या जागी गाडी उभी असते. तुम्ही, जे तिथं आहात, मला बोलावता, "घर तुझंच हाय," म्हणता. तुम्ही मनापासून म्हणत असाल. मी गाडीत बसते, येते, जेवते, परत निघते. पण ऐकताना कान आपोआप टवकारतो, ते माझ्या हातात नाही.

साताऱ्याच्या मंडईत दसऱ्यानंतर ओल्या शेंगा येतात, मग वाळलेल्या. मी पायलीभर घेऊन येते आणि दुपारी गॅलरीत निवडत बसते. विकतच्या शेंगा कुणी निवडतं का, म्हणून सून हसते. परवा नात शेजारी येऊन बसली आणि मी एक एक शेंग कानाशी नेऊन हलवतेय ते बघत राहिली.

"आजी, काय ऐकतेस गं?"

मी म्हटलं, "बघतीया, घरात कुणी हाय का."